तारेवरचे आकडे



एके काळी दारात "तार!" अशी हाक आली की घरातल्यांच्या काळजाचा ठोका चुके. बहुधा वाईट बातमीच असे. परंतु याच तारेने ईदही येई, आणि तीही एका आकड्यात!

भारतात तारसेवा १८५५ साली सर्वसामान्यांना खुली झाली. निजाम राजवटीत, १९०० च्या सुमारास, आपल्या भागात मनमाड-हैदराबाद रेल्वे आली. बदनापूर, जालना, परतूर या स्थानकांवर गाडीची खबर तारयंत्राच्या 'कडकट्ट'नेच कळे.

मोर्स लिपीतले आकडे तुम्ही एका संध्याकाळी शिकाल. प्रत्येकाला पाचच खुणा, टिंब किंवा रेघ; रेघ टिंबाच्या तिप्पट वेळ वाजते. १ म्हणजे एक टिंब व चार रेघा, २ म्हणजे दोन टिंबे व तीन रेघा. असे वाढत ५ म्हणजे पाच टिंबे. पुढे रेघ आधी येते: ६ म्हणजे एक रेघ व चार टिंबे, ९ म्हणजे चार रेघा व एक टिंब. शून्याला पाचही रेघा. आता ३ उलटा वाचा, ७ होतो. १ चा ९, ४ चा ६. अशा जोडीची बेरीज दहाच!

शुभेच्छांच्या तारांना क्रमांक ठरलेले होते. १ म्हणजे दिवाळी, २ म्हणजे ईद मुबारक, ८ म्हणजे विवाहाच्या शुभेच्छा. तारेवरून फक्त क्रमांक जाई. पोहोचल्यावर पूर्ण वाक्य लिहून मिळे. पण २ उलटा झाला की ८! ईदेच्या घरी लग्नाच्या शुभेच्छा. यावर हसता येईल. परंतु ३०० रुपयांच्या निरोपात एक टिंब लांबून रेघ झाले, तर २०० होतात. म्हणून तारमास्तर कानाने ऐकून लिहीत आणि आकडे पुन्हा पडताळून घेत.

१४ जुलै २०१३ हा आपल्या देशातील तारसेवेचा अखेरचा दिवस ठरला. आकड्यांची जोखीम मात्र संपलेली नाही. शिष्यवृत्तीच्या अर्जात खातेक्रमांकाचा एकच आकडा चुकला आणि माझ्या एका विद्यार्थिनीचे पैसे वर्षभर अडकले. अर्ज घरीच भरला होता. तपासला मात्र कोणीच नव्हता.

तेव्हा पालकहो, यापुढे अर्ज भराल तेव्हा आकडे मुलांकडून मोठ्याने वाचून घ्या आणि एकदा लिहिलेले दुसऱ्यांदा पाहा. तारमास्तरांचा हा धडा आपल्या घरी चालू राहो.