मानपुरचा रस्ता आणि मूत्रपिंडाचा रोगी

इंदूरहून मुंबईकडे निघालेला आग्रा रोड महूची छावणी मागे टाकून विंध्याच्या कड्याकडे वळला, म्हणजे घाट उतरण्यापूर्वी मानपुर लागते. भोवताली होळकर, शिंदे आणि धारचे पवार यांचे मुलूख असताना भिल्लवस्तीचा हा लहानसा परगणा १८६० च्या तहान्वये शिंद्यांकडून इंग्रज सरकारच्या अंमलाखाली गेला. जवळच्या जानापावच्या डोंगरावर चंबळेचा उगम आहे. परगणा गेला, सरकारे बदलली, परंतु अवघड दुखणे घरात शिरले की ‘इंदूरला न्या’ हे जे दोन शब्द उच्चारले जातात, त्यांत मात्र पालट झालेला नाही. मूत्रपिंडे कायमची निकामी झालेल्या माणसाच्या बाबतीत तर हे दोन शब्द उरलेल्या आयुष्याचे वेळापत्रकच ठरतात.

पूर्वी हे वेळापत्रक नव्हते, कारण तितके आयुष्यच नव्हते. पायांवर सूज, पहाटे सुजलेले डोळे, फिकटलेला चेहरा, अन्नावरची वासना उडणे, एवढ्यावरून वैद्य शोथाचे निदान करी, पुनर्नवा आणि गोखरूचा काढा देई, मीठ वर्ज्य करी. आणि मीठ सोडण्याचा तो सल्ला, विद्या कितीही पुढे गेली तरी, आजच्या डॉक्टरच्या तोंडीही तसाच आहे. १८२७ मध्ये लंडनच्या गायज रुग्णालयात रिचर्ड ब्राइटने रोग्याचे मूत्र चमच्यात घेऊन मेणबत्तीवर तापवले, ते दह्यासारखे साकळलेले पाहिले, आणि अंगावरच्या सुजेचा संबंध मूत्रपिंडांशी जोडून दाखवला. १८७८ मध्ये इंदुरात मेडिकल स्कूल निघाले. परंतु या रोगाचे नाव कळणे आणि त्यावर उपाय असणे यांत अद्याप मोठेच अंतर होते.

ते अंतर प्रथम कापले हॉलंडमधल्या कांपेन गावी विलेम कोल्फ या तरुण डॉक्टरने. देश जर्मन सैन्याच्या ताब्यात, साहित्याची चणचण. अशा वेळी, १९४३ मध्ये, सेलोफेनच्या नळ्या लाकडी पिंपावर गुंडाळून त्यांतून त्याने रोग्याचे रक्त फिरवले. पहिले बहुतेक रोगी दगावले. १९४५ मध्ये सदुसष्ट वर्षांची एक स्त्री वाचली. तथापि माझ्या मते यंत्राहूनही मोठा शोध रक्ताकडे जाणाऱ्या दरवाजाचा आहे. दर खेपेला नवी रक्तवाहिनी उघडावी लागे तोवर हे यंत्र चार दिवसांच्या संकटापुरतेच कामाचे होते. १९६० मध्ये सिएटलच्या बेल्डिंग स्क्रिब्नरने टेफ्लॉनची नळी हातात कायम बसवली, आणि १९६६ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी मनगटापाशी धमनी व नीला एकमेकींना जोडून फिस्टुला तयार केला, तेव्हा कुठे जुनाट रोग्याला वर्षे मिळू लागली. यंत्रे थोडी आणि रोगी अनेक, म्हणून कोणी जगावे याचा निर्णय सिएटलमध्ये नागरिकांच्या एका समितीवर सोपवावा लागला, ही हकिकत वाचताना आजही मन विषण्ण होते.

आपल्याकडे डायलिसिस हा शब्द घराघरांत पोहोचला तो जयप्रकाश नारायण यांच्या आजारपणामुळे. जून १९७५ मध्ये अटक झालेले जयप्रकाश नोव्हेंबरमध्ये चंडीगढच्या स्थानबद्धतेतून सुटले आणि मुंबईच्या जसलोक रुग्णालयात आले, तेव्हा त्यांची मूत्रपिंडे निकामी झालेली होती; त्यांच्या यंत्रासाठी सामान्य माणसांकडून एकेक रुपयाची वर्गणी मागण्यात आली, आणि ८ ऑक्टोबर १९७९ रोजी पाटण्यात देहावसान होईपर्यंत ते या उपचारावर जगले. ज्याच्यासाठी देश वर्गणी काढणार नाही, त्याची सोय सरकारी तरतुदीत दिसण्यास २०१६ साल उजाडावे लागले. त्या वर्षी जिल्हा रुग्णालयांतून गरिबांना विनामूल्य डायलिसिस देण्याची राष्ट्रीय योजना जाहीर झाली. इंदुरात २०१५ पासून अवयवदानासाठी रस्ते मोकळे करून रुग्णवाहिका धाडण्याची रीत पडली आहे, ही या शहराला भूषणावह गोष्ट होय. परंतु मूत्रपिंडाची वाट पाहणाऱ्यांची रांग तिने संपत नाही.

तोवर आठवड्यातून दोनदा किंवा तीनदा, दर खेपेस चार तास. मानपुरहून इंदूर सुमारे ४५ किलोमीटर. म्हणजे जाणे, येणे आणि खाटेवरचे तास मिळून एक अख्खा दिवस कामाला मुकतो, सोबतच्या माणसाचाही. केंद्रावर पहिला प्रश्न असतो, ‘किती किलो आलं?’ दोन खेपांमध्ये अंगात साठलेले पाणी वजनकाट्यावर उघड होते, आणि घोटभर जास्त प्यालेला रोगी मान खाली घालतो. ज्यांना ठाऊक नाही त्यांनी एकदा उन्हाळ्यात माळव्याच्या घरी जाऊन पाहावे: आदल्या दिवशी जितकी लघवी झाली तितके अधिक अर्धा लिटर, एवढे पाणी सकाळी स्टीलच्या तांब्यात मोजून ठेवलेले असते, चहा त्यातलाच, औषधाचा घोटही त्यातलाच. बटाटे चिरून पाण्यात भिजवायचे आणि ते पाणी ओतून द्यायचे. केळे नाही, नारळपाणी नाही. पोह्यांवरची शेव, जिच्यावाचून इंदूरकराची सकाळ उगवत नाही, तीही नाही. मी एका घरी पाहिले, नवऱ्याच्या ताटात शेव नाही म्हणून बायकोनेही ती खाणे सोडले होते, आणि त्याविषयी दोघेही अवाक्षर बोलत नव्हती.

त्याच गृहस्थाने मला आपला डावा हात पुढे करून मनगटाच्या वर बोट ठेवायला सांगितले. कातडीखाली नीला करंगळीएवढी फुगून आली होती आणि तिच्यात अखंड थरथर चालू होती, मांजर घुरघुरावे तशी. उठल्याबरोबर तो ही थरथर चाचपतो. ती थांबली तर त्याच दिवशी इंदूर गाठावे लागते. त्या हातात घड्याळ नाही, त्यावर रक्तदाब मोजायचा नाही, त्यातून तपासणीचे रक्त काढायचे नाही. संध्याकाळच्या बसमध्ये गर्दी असली, तर तो पिशवी उजव्या खांद्याला लावतो आणि डावा हात कुणाचा धक्का लागू नये म्हणून छातीशी धरून महू येईपर्यंत उभा राहतो. तिथे बरीच माणसे उतरतात आणि पुढे मानपुरपर्यंत बसायला जागा मिळते.