पाळीत पोट का दुखते? साधे दुखणे कोणते, दवाखान्याचे कोणते?

खापा (ता. सावनेर) : कापूस वेचणीच्या दिवसांत एखादी बाई मधेच धुऱ्यावर पोट धरून बसते. विचारलं तर "काही नाही, ऊन लागलं" म्हणते. घरी पोरगी दर महिन्याला दोन दिवस शाळा बुडवते, कारण कोणी सांगत नाही. पाळीच्या दुखण्यावर आपल्याकडे बोलतच नाहीत. त्यामुळे साधे दुखणे कोणते आणि आजार कोणता, हेच कळत नाही.

दुखते कशामुळे?
दर महिन्याला गर्भपिशवीच्या आत मऊ अस्तर तयार होते. गर्भ राहिला नाही की ते सुटून रक्तासोबत बाहेर पडते. ते ढकलायला पिशवीचे स्नायू आवळतात. हे घडवणारे द्रव्य म्हणजे प्रोस्टाग्लँडिन. ते जास्त झाले की पिशवी जोरात आवळते, तिला रक्त कमी पोचते आणि कळा येतात. त्यानेच काहींना मळमळ, जुलाब होतात. म्हणजे हे दुखणे खरे असते, नखरे नव्हेत.

साधे दुखणे
पाळीसोबत किंवा काही तास आधी सुरू होते, पहिल्या दिवशी जास्त असते, दोन-तीन दिवसांत थांबते. ओटीपोट, कंबर, मांड्या दुखतात. गरम पाण्याची पिशवी, थोडे चालणे याने आराम पडतो. आयबुप्रोफेन किंवा मेफेनॅमिक अ‍ॅसिड ही गोळी हे द्रव्य तयार होणेच कमी करते, म्हणून दुखणे सुरू होताच, जेवून घेतली तर चांगली लागू पडते. पण अल्सर, दमा, किडनीचा त्रास किंवा गरोदरपणाची शंका असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नका.

दवाखान्यात कधी जावे?
- आधी दुखत नव्हते, पंचविशी-तिशीनंतर सुरू झाले किंवा वाढत चालले
- पाळी संपली तरी दुखते, संबंधाच्या वेळी दुखते
- तासा-दोन तासांत पॅड भिजते, सात दिवसांवर रक्त जाते
- ताप आणि घाण वासाचे पाणी जाते

यामागे गाठी, जंतुसंसर्ग किंवा अस्तर पिशवीबाहेर वाढणे (एंडोमेट्रिओसिस) असू शकते. पाळी चुकली आणि पोटात एकदम जोराची कळ आली, तर वेळ न घालवता दवाखाना गाठा.

गडचिरोली आणि बीड काय सांगतात?
डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीतील दोन गावांत ६५० बायांची तपासणी केली, १९८९ साली ती प्रसिद्ध झाली. ९२ टक्के बायांना स्त्रीरोग निघाले. त्याआधी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के होत्या. दुसरे टोक बीडचे. तिथल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. २०१९ मध्ये सरकारी समितीने हा विषय तपासला.

एकीकडे तपासणीच नाही, दुसरीकडे थेट पिशवीच काढली. पिशवी काढणे हा शेवटचा उपाय आहे. कोणी पहिल्याच भेटीत सांगितले तर सोनोग्राफी करा, दुसऱ्या डॉक्टरला दाखवा. नागपूरला डागा हे सरकारी स्त्री रुग्णालय आहे. आधी गावच्या आशाताईला विचारा.

गडीमाणसांनीही हे वाचावे. एक दिवसाची रोजी बुडाली तर चालेल, बाईचे दुखणे अंगावर काढू देऊ नका.