वांग्याची जात कशी ओळखावी?

भिंगारचा इतिहास म्हटला की १७०७ साली येथे मरण पावलेला औरंगजेब आठवतो. मी मात्र आज भिंगारच्या बाजारातल्या पाटीत बसलेला इतिहास सांगणार आहे. तो वांग्याचा!

१७५३ साली स्वीडनच्या लिनियस या पंडिताने वांग्याला ‘सोलानम मेलोंजेना’ हे शास्त्रीय नाव दिले आणि त्याचे खोड बिनकाटेरी असते, असे लिहून ठेवले. पुढे १७६७ साली काटेरी झाडाला त्याने ‘सोलानम इन्सानम’ असे निराळे नाव दिले. आता आपले मांजरी गोटा पाहा. पानांना काटे, खोडाला काटे, देठालाही काटे. मग ते वांगे नव्हे की काय? आहे तर! एकाच खुणेवर भिस्त ठेवली की थोरांचीही अशी पंचाईत होते. आज ‘इन्सानम’ हे नाव वांग्याच्या रानटी भाऊबंदाकडे उरले आहे.

नंतरच्या ग्रंथांनी वांग्याचे तीन गट केले: गोल किंवा अंडाकृती फळांचा, लांब सडपातळ फळांचा आणि बुटक्या, लवकर येणाऱ्या झाडांचा. गंमत बघा, पहिले दोन गट फळावरून पाडले, तिसरा झाडावरून!

आपण बाजारात फळच तेवढे पाहतो. वैशाली आणि प्रगती या दोन्ही जातींची वांगी अंडाकृती, जांभळी, पांढऱ्या पट्ट्यांची. पाटीत ती शेजारी ठेवली तर भले भले फसतील. पण शेतात जा. वैशालीचे झाड बुटके, पसरट; प्रगतीचे उंच. म्हणजे जात ओळखायची तर बांधावर उभे राहून सबंध झाड पाहिले पाहिजे.

हे सारे कशासाठी? २००१ साली पिकांच्या वाणांचे आणि शेतकऱ्यांच्या हक्कांचे रक्षण करणारा कायदा झाला. शेतकऱ्याला आपल्या घरचा वाण त्याखाली नोंदवता येतो. मात्र तो इतरांहून वेगळा कसा, हे दाखवावे लागते. ‘आमच्या आजीचे वांगे’ एवढे सांगून भागत नाही.

म्हणून गुरुजींना विनंती: मुलांना वही घेऊन मळ्यात न्या. झाडाची उंची, ठेवण, काटे, पान, फुले एकेकटी की झुबक्यात, आणि शेवटी फळ, एवढे लिहून घ्या. राखेत घोळून जपलेले बी बरीच वर्षे पेरायचे राहिले, तर वाण जातो आणि नोंद नसली तर त्याची ओळखही जाते.