पंचाच्या खुर्चीतला प्रकाशक

मंडळी, १९७२ सालचा रेक्याविकचा बुद्धिबळ सामना म्हटलं की आपल्याला फिशर आठवतो, स्पास्की आठवतो. त्यांचे मुख्य पंच लोथार श्मिड मात्र आठवत नाहीत. आज आपण त्यांच्याकडे बघू.

श्मिड हे जर्मन ग्रँडमास्टर, पण धंदा पुस्तकांचा. १९१३ मध्ये त्यांच्या वडिलांनी ड्रेस्डेनजवळ राडेबॉइल इथे कार्ल माय यांच्या साहसकथा छापणारी संस्था काढली होती. महायुद्धानंतर पूर्व जर्मनीच्या सरकारला ही पुस्तकं नकोशी झाली. कुटुंबाने तिथला गाशा गुंडाळून पश्चिमेला, बाम्बर्गला बिऱ्हाड हलवलं. सत्तेची मर्जी फिरली की काय होतं, हे श्मिड यांना घरातच कळलेलं होतं.

आता रेक्याविक. पहिला डाव फिशर हरला. दुसऱ्या डावाला, १३ जुलैला, तो कॅमेऱ्यांवर रुसून आलाच नाही. श्मिड यांनी वेळेवर घड्याळ सुरू केलं, नियमाचा तासभर वाट पाहिली आणि डाव स्पास्कीला दिला. फिशरने दाद मागितली, ती फेटाळली गेली. गुण २–०.

तिसरा डाव मात्र प्रेक्षकांपासून दूर, मागच्या छोट्या खोलीत खेळवला गेला. तिथेही फिशर कॅमेऱ्यावरून ओरडू लागला, स्पास्की उठून निघाला. तेव्हा श्मिड यांनी दोघांच्या खांद्यांवर हात ठेवून त्यांना खुर्चीत बसवलं, म्हणाले, आता खेळा! फिशर तो डाव जिंकला, आणि अखेर सामनाही, १२½–८½ असा.

मग प्रश्न येतो, की खोली बदलणं हा पक्षपात नव्हे का? आम्हाला तसं वाटत नाही. बघा, गेलेला डाव परत देणं पंचाच्या हातात नव्हतं, तो त्यांनी दिलाही नाही. खोली बदलायला स्पास्कीची संमती होती. ज्याचं नुकसान होऊ शकतं त्याला विचारून दिलेली सवलत वेगळी, आणि त्याच्या पाठीमागे दिलेली वेगळी. पहिलीला आपण तडजोड म्हणतो, दुसरीला अन्याय.

१९७८ मध्ये बागिओला कार्पोव–कोर्चनॉय सामन्यातही श्मिडच मुख्य पंच होते. तिथे तर खेळताना कार्पोवला पाठवलेल्या दह्यावरून तक्रार झाली! हसू येतं खरं. पण समोरच्यावरचा विश्वास उडाला की दह्याची वाटीसुद्धा संशयास्पद वाटू लागते. अशा वेळी नियमपुस्तक पुरत नाही. दोघांनाही ज्याचा शब्द पटेल असा माणूस मध्ये बसलेला असावा लागतो.