सोळा नंबर निवृत्त झाला, मग ब्याऐंशीच्या कॅप्टनचं काय?

ऑगस्ट २०२४. पॅरिसचं कांस्यपदक येऊन आठ-दहा दिवस झाले होते. मी जळगावच्या फुले मार्केटमध्ये एका जर्सीवाल्याकडे गेलो आणि हॉकीची जर्सी मागितली, सोळा नंबरची. त्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी थर्मोकोलचा बर्फ मागतोय. "हॉकीनं नही शे भाऊ," तो म्हणाला. मग एक पिवळी जर्सी झटकून पुढे केली, पाठीवर ७. "धोनी घे ना. चालतंय."

चालतंय हे खरंच. आपल्याकडे जर्सीचा नंबर म्हणजे क्रिकेटचाच नंबर. दहा म्हणजे सचिन, सात म्हणजे धोनी, अठरा म्हणजे कोहली. पाचवीतलं पोरगंही सांगेल. सोळा म्हणजे कोण, हे मी त्या आठवड्यात दहा-बारा मित्रांना विचारलं. दोघांना माहीत होतं, कारण त्यांनी रील बघितलं होतं.

सोळा म्हणजे पी. आर. श्रीजेश. केरळमधल्या किळक्कंबलमचा गोलकीपर. पोराला पॅड घेता यावेत म्हणून बापाने गाय विकली, तो श्रीजेश. टोकियोत जर्मनीविरुद्ध ५-४ असताना अगदी शेवटच्या क्षणांत पेनल्टी कॉर्नर अडवून ज्याने ४१ वर्षांनी पदक आणलं, तोच. पॅरिसमध्ये ब्रिटनविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यात अमित रोहिदासला लाल कार्ड मिळालं, दहा जणांनी सामना १-१ वर धरून ठेवला आणि शूटआउटमध्ये श्रीजेश उभा राहिला. ३३६ आंतरराष्ट्रीय सामने खेळून तो थांबला आणि १४ ऑगस्टला हॉकी इंडियाने जाहीर केलं की सीनियर संघात सोळा नंबर यापुढे कुणालाही मिळणार नाही. ज्युनियर संघात मात्र तो राहील, कारण श्रीजेश आता तिथेच कोच होणार होता आणि त्याने तिथे दुसरा श्रीजेश घडवावा अशी अपेक्षा. त्यानंतर दोन महिन्यांनी राणी रामपालने निवृत्ती घेतली. चौदाव्या वर्षी देशासाठी खेळायला लागलेली, शाहाबाद मारकंडाच्या गाडी ओढणाऱ्या बापाची पोरगी, टोकियोत संघाला चौथ्या क्रमांकापर्यंत नेणारी कॅप्टन. तिचा २८ नंबरही निवृत्त झाला.

दोन्ही निर्णय मला पटतात. पण तेव्हापासून एक प्रश्न डोक्यातून जात नाही. हे दोघे पहिले आहेत. म्हणजे त्यांच्या आधीच्या नव्वदेक वर्षांत असा मान मिळण्यासारखं कुणीच नव्हतं का?

नंबर निवृत्त करायची ही चाल आली कुठून, ते आधी बघू. तीही हॉकीतूनच आली, फक्त बर्फावरच्या. १२ डिसेंबर १९३३ ला बोस्टनमध्ये एडी शोर नावाच्या खेळाडूने टोरांटोच्या एस बेलीला मागून धडक दिली. बेली डोक्यावर पडला, कवटी फुटली. जीव वाचला, पण खेळ संपला. दोन महिन्यांनी, १४ फेब्रुवारी १९३४ ला, त्याच्या मदतीसाठी टोरांटोत एक सामना ठेवला. बेली बर्फावर आला, सगळ्यांसमोर शोरशी हात मिळवला. त्या दिवशी त्याच्या क्लबने सांगितलं की सहा नंबर आता कुणी घालणार नाही. उत्तर अमेरिकेच्या लीगमध्ये निवृत्त झालेला हा पहिला नंबर.

लक्षात घ्या, बेली त्या काळातला सगळ्यात मोठा खेळाडू होता म्हणून हे झालं नाही. त्याच्या हातून जे गेलं, ते क्लबला विसरायचं नव्हतं, म्हणून झालं. पुढे १९६८ मध्ये म्हाताऱ्या बेलीनेच क्लबला सांगितलं की रॉन एलिस हा पोरगा मला आवडतो, माझा सहा त्याला द्या. आणि दिला.

आपल्याकडे ही चाल क्रिकेटमधून आली आणि तीही जरा गंमतशीर पद्धतीने. ३१ ऑगस्ट २०१७ ला कोलंबोत शार्दूल ठाकूर पहिला वनडे खेळला. पालघरचा हा पोरगा पाठीवर १० घालून उतरला आणि सोशल मीडियावर त्याची अशी काही धुलाई झाली की विचारू नका. नंतर त्याने ५४ घेतला. सचिनचा दहा त्यानंतर गुपचूप बाजूला ठेवला गेला. म्हणजे आपल्याकडे पहिला नंबर एका अर्थाने ट्रोलिंगने निवृत्त केला.

आता हॉकीचे जुने लोक. तुम्ही म्हणाल ध्यानचंद. बरोबर आहे, पण ध्यानचंदना नंबराची गरज नाही. २९ ऑगस्ट हा त्यांचा वाढदिवस राष्ट्रीय क्रीडा दिन आहे, २०२१ पासून खेलरत्न त्यांच्या नावाने आहे. शिवाय आपण ज्याला 'त्याचा नंबर' म्हणतो ती गोष्टच नवीन आहे. आधी नंबर माणसाचा नसायचा, जागेचा असायचा. गोलकीपर एक, बॅक दोन-तीन, असं पुढे. आज हा एक, उद्या तो एक. ज्याचं काही माणसाचं नव्हतंच, ते त्याच्या नावाने निवृत्त कसं करणार?

पण ध्यानचंदांबद्दल एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. झाशीहून मुंबईला येणारी गाडी इटारसी, भुसावळ, जळगाव करतच येते. १९२८ ला ऑलिंपिकचा आपला पहिला हॉकी संघ मुंबईहून बोटीने निघाला. त्याआधी मुंबईच्या संघाने त्यांना ३-२ ने हरवलं होतं. बंदरावर निरोप द्यायला तिघेजण आले होते. अॅमस्टरडॅममध्ये त्या संघाने २९ गोल केले आणि एकही खाल्ला नाही. एकट्या ध्यानचंदांचे त्यात चौदा. परत आले तेव्हा मुंबईच्या धक्क्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. बाकीच्यांची नावं मात्र आज कुणाला आठवतात? त्या पाच सामन्यांत गोलमध्ये रिचर्ड अॅलन होता. श्रीजेशचा सोळा निवृत्त करताना त्याचं नाव कुणी घेतल्याचं माझ्या वाचनात नाही.

आणि जपण्याच्या बाबतीत आपण किती पाण्यात आहोत, तेही बघा. बलबीर सिंग सीनियर, १९५२ च्या हेलसिंकी फायनलमध्ये एकट्याने पाच गोल मारणारा माणूस. त्याने १९८५ मध्ये आपली ३६ पदकं, मेलबर्न ऑलिंपिकचा ब्लेझर आणि ढीगभर फोटो संग्रहालयासाठी सरकारी क्रीडा प्राधिकरणाला दिले. २०१२ मध्ये विचारलं तर कुणाकडेच काही नाही. तो माणूस २०२० मध्ये गेला, वस्तू मिळाल्याच नाहीत. नंबर कुणी घालू नये एवढंच बघायचं असतं, त्याला कपाट लागत नाही. ब्लेझर मात्र सांभाळावा लागतो.

आता महाराष्ट्राकडे येतो, कारण माझं भांडण इथलं आहे.

पहिलं नाव सगळे घेतील, धनराज पिल्ले. खडकीच्या ऑर्डनन्स फॅक्टरीच्या वस्तीतला. घरी तमिळ, बाहेर मराठी. तुटक्या काठ्यांवर शिकलेला. चार ऑलिंपिक, चार वर्ल्ड कप, चार एशियाड. १९९८ ला बँकॉकमध्ये त्याच्या कप्तानीखाली भारताने एशियाडचं सुवर्ण जिंकलं, १९६६ नंतर पहिल्यांदा. परत आल्यावर काय झालं? धनराज आणि आणखी सहा सीनियर खेळाडूंना पुढच्या दौऱ्यातून वगळलं. कारण काय, तर 'विश्रांती'. खरं कारण सगळ्यांना माहीत होतं. तो पैशांबद्दल बोलायचा, खेळाडूंना मिळणाऱ्या वागणुकीबद्दल बोलायचा आणि आवाज चढवून बोलायचा. त्याने किती गोल मारले याचाही अधिकृत हिशोब नीट नाही, कारण तेव्हाच्या महासंघाने तो ठेवलाच नाही. लोक १७० च्या आसपास म्हणतात. विचार करा, ज्यांनी माणसाचे गोल मोजले नाहीत, ते त्याच्या नंबराचं काय करणार होते?

धनराजचा मान झाला पाहिजे, यात मला शंका नाही. पण प्रामाणिकपणे सांगतो, धनराज म्हटलं की माझ्या डोळ्यासमोर नंबर येत नाही. केस येतात. मानेवर उडणारे ते लांब केस आणि उजव्या बाजूने सुटलेला माणूस. खडकीत त्याचं नाव आजही घराघरात आहे. तो विसरला गेलेला नाही.

विसरली गेली ती दुसरीच.

तुम्ही 'चक दे! इंडिया' बघितलाय, निदान त्यातलं सत्तर मिनिटांचं भाषण तरी. त्या सिनेमाच्या मागे मीर रंजन नेगींची गोष्ट आहे. १ डिसेंबर १९८२, दिल्ली एशियाड, फायनल, समोर पाकिस्तान. भारत १-७ ने हरला. गोलमध्ये नेगी होते. देशाने त्यांना विकला गेलेला माणूस ठरवलं. त्यांचा त्यात काही दोष सिद्ध झाला नाही, पण आयुष्याची बरीच वर्षं गेली. ते परत आले ते १९९८ ला, धनराजच्या त्या सुवर्ण संघाचे गोलकीपिंग कोच म्हणून. मग २००२ ला मँचेस्टरच्या कॉमनवेल्थमध्ये सुवर्ण जिंकणाऱ्या मुलींच्या संघासोबत. सिनेमाने १९८२ ची हार आणि २००२ चं सोनं एकत्र बांधलं आणि एक सुंदर गोष्ट तयार झाली. पुरुष हरले, वीस वर्षांनी मुलींनी जिंकून दिलं.

फक्त त्यात एक गोष्ट राहून गेली. मुलींनी जिंकून द्यायला वीस वर्षं घेतलीच नव्हती. त्याच एशियाडमध्ये, त्याच दिल्लीत, एशियाडच्या इतिहासात महिला हॉकी पहिल्यांदा खेळली गेली आणि भारताच्या मुलींनी सुवर्ण जिंकलं. कॅप्टन होती पुण्याची एलिझा नेल्सन.

मला हे कळलं तेव्हा मी धुळ्यात कॉलेजला होतो आणि आधी विश्वासच बसला नाही. मी वडिलांना फोन लावला. ते १९८२ मध्ये वीस वर्षांचे, रेडिओला कान लावून बसणारे. ७-१ त्यांना कालच्यासारखं आठवतं. कुणाकडे टीव्ही होता, कोण रडलं, कुणी नेगींना कोणती शिवी दिली. मुलींच्या सोन्याबद्दल विचारलं तर म्हणाले, "असं झालं होतं?"

एलिझाची गोष्ट त्याआधीच सुरू झालेली. १९८० चं मॉस्को ऑलिंपिक, महिला हॉकी तिथेही पहिल्यांदाच. अफगाणिस्तानच्या मुद्द्यावर बऱ्याच देशांनी बहिष्कार टाकला, म्हणून सहाच संघ. रूपकुमारी सैनी कॅप्टन, संघात एलिझा, पुण्याचीच रेखा मुंडफण, सेल्मा डिसिल्वा, लॉरेन फर्नांडिस. ऑस्ट्रिया आणि पोलंडला हरवलं. शेवटच्या क्षणी बोलावलेल्या झिंबाब्वेने ते सोनं जिंकलं आणि त्या झिंबाब्वेला आपल्या मुलींनी १-१ वर रोखलं होतं. आपण चौथे आलो. राणी रामपालचा संघ टोकियोत चौथा आला तेव्हा सगळीकडे 'इतिहास' असा मथळा होता. तोच क्रमांक ४१ वर्षं आधी मॉस्कोत आला होता. सहा संघांत चौथं येणं आणि बारा संघांत चौथं येणं एक नाही, हे मान्य. तरी त्या मुलींनी जो दरवाजा ढकलला, त्यातूनच राणी आत आली.

एलिझाला १९८१ ला अर्जुन पुरस्कार, १९८३ ला पद्मश्री मिळाली. म्हणजे सरकारने कागदावर नोंद केली. पण कागदावरची नोंद आणि माझ्या वडिलांच्या डोक्यातली नोंद यात फरक आहे. नंबर निवृत्त करणं ही दुसऱ्या प्रकारची नोंद आहे. प्रत्येक सामन्यात कुणीतरी पोरगी विचारेल, हा नंबर का नाही? आणि कुणाला तरी उत्तर द्यावं लागेल.

माझ्या एका मित्राचं म्हणणं असं की असे नंबर निवृत्त करत बसलं तर पोरांना घालायला नंबर उरणार नाहीत. त्याला मी बेलीची गोष्ट सांगितली. नंबर आधी थांबवायचा, मग ज्याचा आहे त्याने तो स्वतःच्या हाताने पुढच्याला द्यायचा. ही पद्धत मला सगळ्यात आवडते. एलिझा नेल्सनसारखीच्या हातून जर्सी घेणारी पोरगी भुसावळची का असू नये? भारतीय महिला हॉकी कित्येक वर्षं रेल्वेच्या नोकऱ्यांवर उभी आहे आणि आपल्या खान्देशात भुसावळएवढं रेल्वेचं गाव दुसरं नाही. शाळेत असताना आम्हाला पीटीच्या खोलीत हॉकीच्या चार काठ्या दिसायच्या. त्या फक्त तपासणीच्या दिवशी बाहेर निघायच्या. वर्गातल्या मुलींनी कधी हातातही घेतल्या नाहीत, आम्ही त्यांनी कैऱ्या पाडायचो.

तर मला विचाराल, मान कुणाला द्यायचा, तर धनराजला द्या, तो त्याचा हक्कच आहे, आणि उशीर झालाच आहे. पण महाराष्ट्रातून एकच नाव निवडायचं असेल तर मी ब्याऐंशीची कॅप्टन निवडेन. धनराजला आपण विसरलो नाही, फक्त त्याच्याशी वाईट वागलो. तिला आपण ७-१ च्या खाली पुरून टाकलं.

गेल्या महिन्यात धुळ्याला आग्रा रोडवर एका प्रिंटवाल्याकडे साधा निळा टी-शर्ट घेऊन गेलो. पाठीवर 'नेल्सन' लिही म्हटलं. त्याला वाटलं मंडेला. नंबर कोणता, त्याने विचारलं. मी म्हटलं, १९८२. त्याने टी-शर्टवर वीत टाकून बघितली.

"चार आकडे मोठे नाही येणार दादा. ८२ टाकू?"

टाक म्हटलं.