पेशी-उपचारांची ‘पोटेन्सी’ चाचणी

गोळीतील औषधी द्रव्य मिलिग्रॅममध्ये मोजता येते. पेशी-उपचारात मात्र जिवंत पेशी हेच औषध असते आणि त्यांचे गुणधर्म दात्यागणिक बदलतात. म्हणून पेशींची संख्या मोजून भागत नाही. त्या अपेक्षित कार्य करतात का, हे प्रत्येक खेपेस प्रयोगशाळेत तपासावे लागते. हीच ‘पोटेन्सी’ चाचणी. उदाहरणार्थ, ‘कार-टी’ पेशी कर्कपेशींसोबत ठेवून त्या किती इंटरफेरॉन-गॅमा स्रवतात आणि किती कर्कपेशी मारतात, हे मोजतात.

चाचणीतील आकडा आणि रुग्णाचा लाभ यांचे नाते सिद्ध करणे मात्र कठीण असते. अस्थिमज्जा प्रत्यारोपणानंतर दात्याच्या पेशी कधीकधी रुग्णाच्याच अवयवांवर हल्ला करतात. स्टेरॉइडला दाद न देणाऱ्या अशा बालरुग्णांसाठी मेसोब्लास्ट या ऑस्ट्रेलियन कंपनीने ‘रेमेस्टेमसेल’ विकसित केले. तज्ज्ञ समितीचा कौल अनुकूल असूनही अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये मान्यता नाकारली. इतर आक्षेपांसोबत हे नाते पुरेसे स्पष्ट नसल्याचेही एक कारण होते. २०२३ मध्ये पुन्हा नकार मिळाला. मान्यता डिसेंबर २०२४ मध्ये मिळाली. योग्य मापदंडाचा शोध विकासाच्या आरंभापासूनच का घ्यावा, हे यावरून ध्यानात येते.