सावित्रीबाईंच्या बाई आपल्या नगरात होत्या

३ जानेवारी आली की आपल्या सगळ्यांच्या मोबाईलवर सावित्रीबाईंचा फोटो फिरतो. फिरायलाच पाहिजे. त्या पोस्टींमध्ये एक वाक्य हमखास असतं, की सावित्रीबाईंनी अहमदनगरला मिस फरार यांच्याकडे शिक्षिकेचं शिक्षण घेतलं. एवढंच. पुढची ओळ लगेच शेणाच्या गोळ्यांवर जाते. या मिस फरार कोण, नगरला कशाला आल्या, इथे किती वर्षं राहिल्या, हे कुणी विचारत नाही. आपण नगरकर तरी विचारतो का? (कागदोपत्री आता अहिल्यानगर झालंय. बोलताना तोंडात नगरच येतं, समजून घ्या.)

आडनाव ऐकून हसू येईल. मलाही शाळेत आलं होतं. पण गंमत बघा, आपल्या शहराच्या आठवणीतून या बाई खरोखरच फरार झाल्यात.

सिंथिया फरार. जन्म १७९५, अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरमधलं मार्लबरो हे गाव. पेशाने शिक्षिका, लग्न केलेलं नाही, चर्चवर गाढ श्रद्धा. १८२७ च्या जूनमध्ये बोस्टनहून जहाजात बसल्या आणि कलकत्त्यामार्गे डिसेंबरच्या शेवटी मुंबईत उतरल्या. वय ३२. त्या जहाजात बसल्या तेव्हा पुण्यात जोतिबा फुले दोन महिन्यांचे होते आणि सावित्रीबाईंचा जन्म व्हायला अजून साडेतीन वर्षं होती.

त्यांना बोलावलं कुणी? मुंबईच्या अमेरिकन मराठी मिशनने. गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे दोघे १८१३ मध्येच मुंबईत आले होते. कंपनी सरकारला तेव्हा मिशनरी नकोच होते, त्यांना परत पाठवायचा हुकूमही निघाला होता. तरी ते टिकले. १८२४ मध्ये या मिशनने मुंबईत मुलींची शाळा काढली. शाळा काढणं सोपं, चालवणं अवघड. मिशनऱ्यांच्या बायका शिकवायच्या, पण त्यांची स्वतःची लेकरं, घर, आजारपणं. पूर्ण वेळ फक्त मुलींच्या शाळा बघणारी बाई हवी होती. म्हणून एका अविवाहित शिक्षिकेला एवढ्या लांब पाठवायचा निर्णय झाला.

बऱ्याच ठिकाणी त्यांना परदेशी पाठवलेली पहिली अविवाहित अमेरिकन मिशनरी म्हणतात. हे जरा जपून म्हणावं असं माझं मत. त्यांच्या पाच वर्षं आधी याच संस्थेकडून बेट्सी स्टॉकटन हवाई बेटांवर गेल्या होत्या. त्याही अविवाहित, त्यांनीही तिथे शाळा चालवली. पण त्या काळ्या होत्या, जन्माने गुलाम होत्या आणि एका मिशनरी कुटुंबासोबत गेल्या होत्या, म्हणून ‘पहिली’चा मान देताना लोक त्यांना विसरतात. कोण विसरलं जातं आणि का, हा प्रकार फक्त आपल्याकडचा नाही.

तर मुंबई. परकी बाई, परकी भाषा. मोल्सवर्थचा मोठा मराठी-इंग्रजी कोशसुद्धा तेव्हा आलेला नव्हता, तो आला १८३१ मध्ये. मराठी शिकायची, मुली गोळा करायच्या, आईबापांची समजूत घालायची. मुलगी शिकली तर नवरा मरतो, असं मानणारा तो काळ. आठव्या-दहाव्या वर्षी लग्न, की शाळा बंद. आज वर्ग भरलेला, सहा महिन्यांनी निम्मा रिकामा. ज्यांनी कधी वाड्यावस्तीवरच्या शाळेत शिकवलंय त्यांना हे दुखणं वेगळं सांगायला नको, ऊसतोडीच्या हंगामात अजूनही हेच चालतं.

दहा वर्षं हे केल्यावर तब्येत ढासळली. १८३७ मध्ये त्या अमेरिकेला परतल्या. आता वय ४२. तिथेच राहिल्या असत्या तर कुणी नाव ठेवलं नसतं. दोन वर्षांनी, १८३९ मध्ये, त्या परत आल्या, आणि या वेळी मुंबईत न थांबता घाट चढून थेट नगरला. अमेरिकन मिशन १८३१ पासून इथे होतंच. पुढची २२-२३ वर्षं त्यांनी इथे मुलींच्या शाळा चालवल्या. मला विचाराल तर त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा निर्णय हा दुसऱ्यांदा येण्याचा. पहिल्यांदा माणूस उत्साहात येतो. दुसऱ्यांदा येतो तेव्हा काय वाढून ठेवलंय हे त्याला पक्कं माहीत असतं.

आता मुख्य गोष्ट. जोतिबांचे शाळासोबती सदाशिव बल्लाळ गोवंडे नोकरीनिमित्त नगरला होते. जोतिबा त्यांच्याकडे आले आणि दोघांनी मिस फरारांच्या शाळा पाहिल्या. पोरी बसल्यात, वाचतायत, लिहितायत. हे बघून जोतिबा पुण्याला परतले आणि १८४८ मध्ये भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. ही काही मिशनवाल्यांनी रचलेली कथा नाही. खुद्द जोतिबांनी आपल्या कामाची हकीकत सांगताना मिस फरारांच्या शाळांचा उल्लेख केलाय, आणि ती हकीकत ‘ज्ञानोदय’च्या १५ सप्टेंबर १८५३ च्या अंकात छापून आली. ‘ज्ञानोदय’ म्हणजे तेच पत्र, जे १८४२ मध्ये आपल्या नगरातच सुरू झालं. पुढे १८५५ मध्ये फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मुलीचा मांगमहारांच्या दुःखाविषयीचा निबंध याच पत्राने छापला.

सावित्रीबाई नगरला मिस फरारांकडे आणि पुण्यात मिसेस मिचेल यांच्याकडे शिकवायला शिकल्या, हे तर बहुतेक चरित्रांत येतं.

इथे दोन बाजूंनी दोन आक्षेप येतात, कमेंटमध्येही येतीलच, म्हणून आधीच बोलतो.

पहिला असा की या शाळा धर्मांतरासाठीच होत्या. उत्तर सरळ आहे: मिशनने आपला हेतू कधी लपवला नव्हता. शाळेत बायबल शिकवलं जायचं. फरारबाईंची तर मनापासून इच्छा असणार की या मुली ख्रिस्ती व्हाव्यात. त्या श्रद्धेनेच त्या समुद्र ओलांडून आल्या होत्या. ती श्रद्धा बाजूला काढून त्यांना ‘समाजसेविका’ करणं मला पटत नाही, तो त्यांच्यावर अन्याय आहे. पण पलीकडची माणसं मूर्ख होती असं समजू नका. जोतिबा स्वतः पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, नगरला अमेरिकन मिशनची शाळा पाहिली, आणि ख्रिस्ती झाले नाहीत. त्यांनी शाळा उचलली. माझी आजीही नगरच्या मिशन शाळेत चौथीपर्यंत शिकली. प्रार्थना तिला शेवटपर्यंत पाठ होती आणि देव्हाऱ्यातला दिवाही ती रोज लावायची. तिला यात काही अडचण वाटली नाही, आपल्यालाच का वाटते?

दुसरा आक्षेप आपल्याच चळवळीतल्या मित्रांचा. म्हणतात, फरारबाईंचं नाव मोठं केलं तर ‘पहिली शाळा’ फुल्यांची राहत नाही. अरे, मुंबईत १८२४ पासून मुलींची शाळा होती, ही तारीख कशी लपवणार? आणि लपवायची कशाला? भिडे वाड्याचं मोल वेगळंच आहे. फरारबाईंच्या मागे बोस्टनची संस्था होती, साहेब लोकांचं राज्य होतं. जोतिबा-सावित्रीबाईंच्या मागे कोण होतं? वडिलांनी घराबाहेर काढलं. इथल्याच माणसांनी, इथल्याच बायकापोरींसाठी, भोवतालच्या समाजाच्या विरोधात शाळा काढली. गोऱ्या बाईने शिकवणं लोक एकवेळ ‘त्यांचं तसंच असतं’ म्हणून सोडून देत. सावित्रीबाईंनी शिकवणं हे घरातलं बंड होतं. फरारबाईंचं नाव घेतल्याने त्यातलं तसूभरही कमी होत नाही.

भिडे वाडा २०२३ च्या डिसेंबरमध्ये पाडला, तिथे राष्ट्रीय स्मारक व्हायचंय. चांगलंच आहे. त्या स्मारकात एखाद्या भिंतीवर नगरची वाट दाखवणारा नकाशा असावा असं मला वाटतं. आणि नगरात? फुल्यांनी पाहिलेल्या त्या शाळांबद्दल आपण आपल्या पोरांना काय दाखवणार? किल्ला दाखवतो, चांदबिबीचा महाल दाखवतो, रणगाड्यांचं संग्रहालय दाखवतो. तिथून पुढे थेट घरी.

सिंथिया फरार २५ जानेवारी १८६२ रोजी नगरातच वारल्या. वय ६६. भारतात आल्याला चौतीस वर्षं झाली होती, त्यातली जेमतेम दोन अमेरिकेत गेली. मागे मूल नाही, संपत्ती नाही. सावित्रीबाई तेव्हा ३१ वर्षांच्या होत्या.

ज्यांच्या घरी आजी-पणजीचा मिशन शाळेतला दाखला, पुस्तक, वही, काहीही जुनं असेल, त्यांनी कृपया कमेंटमध्ये कळवा. फोटो काढून ठेवू. फाटकं असलं तरी चालेल.